अनेक हात, एक संहिता : सामूहिक लेखनकार्याची शिस्त

एखादा अहवाल, माहितीपुस्तिका किंवा नोंदवही अनेकांनी मिळून तयार करावयाची असली, म्हणजे अडचण बहुधा व्यवस्थेची येते. माहिती पुष्कळ गोळा होते. परंतु ती कोणी आणली, कोणत्या आधारे आणली, मसुद्यात दुरुस्ती कोणी केली आणि ती का केली, याचा माग राहत नाही. एका मसुद्याच्या चार प्रती चार टेबलांवर फिरतात, प्रत्येकीत निराळी दुरुस्ती होते आणि अखेरीस छापावयाची प्रत कोणती, याविषयीच वाद निर्माण होतो. मधेच प्रमुखांची बदली झाली, की उरलेले काम पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची पाळी येते. शासकीय कार्यालये, शाळा आणि ग्रामपंचायती यांना हा अनुभव नवा नाही.

या प्रश्नाचे एक अत्यंत विचारपूर्वक शोधलेले उत्तर महाराष्ट्रातच सापडते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ साली आरंभ झालेले हे कार्य १९६६ साली पूर्णत्वास गेले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखितांचा उपयोग करण्यात आला. निरनिराळ्या लिप्या जाणणारे शास्त्री, विद्यापीठांचे पदवीधर, पर्यवेक्षक आणि देशोदेशींचे संपादक या कामी लागले. या आवृत्तीच्या विद्वत्तेचा गौरव वेळोवेळी झाला आहे. ती ज्या कार्यपद्धतीवर उभी राहिली, तिचा परिचय मात्र विद्वानांच्या वर्तुळाबाहेर फारसा झालेला नाही. लेखनाचे काम अनेकांच्या सहकार्याने करणाऱ्या प्रत्येक संस्थेला तो उपयुक्त ठरावा असा आहे.

एका ग्रंथाच्या अनेक प्रती

छपाईची कला येण्यापूर्वी महाभारत शतकानुशतके हाताने उतरवले जात होते. काश्मीरमध्ये शारदा लिपीत, बंगालमध्ये बंगालीत, मिथिलेत मैथिलीत, दक्षिणेत तेलुगू, ग्रंथ आणि मलयाळम् लिप्यांत आणि अन्यत्र देवनागरीत अशा असंख्य पोथ्या तयार झाल्या. नकलकाराकडून कधी अक्षर चुकले, कधी ओळ गळाली. कोणी समासात लिहिलेले स्पष्टीकरण पुढच्या नकलकाराने मूळ संहितेतच घेतले. त्या त्या प्रदेशात लोकप्रिय असलेल्या कथा आणि स्तोत्रे यांची भर पडत गेली. त्यामुळे उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील पोथ्यांत मोठाच फरक पडला. कोपरगावच्या चतुर्धर घराण्यातील नीलकंठ या पंडिताने सतराव्या शतकात काशी येथे लिहिलेल्या टीकेसह जी संहिता पुढे मुंबईत छापली गेली, तीच सर्वत्र प्रचलित झाली. तथापि तीही अनेक पाठांपैकी एक होती.

सर्व महत्त्वाच्या पोथ्या तुलनेने तपासून एक विश्वसनीय संहिता तयार करावी, अशी सूचना मोरित्स विंटरनित्स या विद्वानाने १८९७ साली पॅरिस येथील प्राच्यविद्या परिषदेत मांडली. युरोपात त्या दृष्टीने काही प्रयत्नही सुरू झाले. परंतु पहिल्या महायुद्धाने ते थांबले. पुण्यात ६ जुलै १९१७ रोजी भांडारकर संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंत प्रतिनिधी यांनी या कार्यासाठी एक लाख रुपयांच्या साहाय्याचे आश्वासन दिले. १ एप्रिल १९१९ रोजी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्ते कार्याचा शुभारंभ झाला. पुढे मुंबई सरकार, विद्यापीठे आणि अनेक संस्थाने यांनीही त्यास साहाय्य केले.

आधी नमुना, मग विस्तार

संस्थेने प्रथम संपूर्ण महाभारताला हात घातला नाही. विराटपर्व या एका लहान पर्वाची नमुना आवृत्ती नारायण बापूजी उटगीकर यांनी तयार केली आणि ती १९२३ साली प्रसिद्ध करण्यात आली. ती देशातील व परदेशांतील विद्वानांकडे अभिप्रायार्थ पाठविण्यात आली. पोथ्यांची निवड कशी असावी, पाठभेद कोणत्या प्रकारे दाखवावेत, पृष्ठाची मांडणी कशी ठेवावी या प्रश्नांवर त्यामुळे प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे चर्चा होऊ शकली. मोठे काम हाती घेण्यापूर्वी एक लहानसा भाग अखेरच्या पायरीपर्यंत करून पाहावा, हा या पद्धतीतील पहिला धडा होय. अडचणी कागदावरच्या योजनेत दिसत नाहीत. त्या पहिला पूर्ण नमुना हातात आल्यावर दिसतात.

१९२५ च्या ऑगस्ट महिन्यात डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी मुख्य संपादकपदाची सूत्रे स्वीकारली. केंब्रिज येथे गणिताचे आणि बर्लिन येथे भाषाशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या या विद्वानाने कामाची घडी नव्याने बसविली. आदिपर्वाच्या आवृत्तीस त्यांनी १९३३ साली जोडलेल्या विस्तृत प्रस्तावनेत ही कार्यपद्धती तपशीलवार नमूद केलेली आहे.

प्रत्येक पोथीला खूण

कामाची पहिली पायरी म्हणजे उपलब्ध सामग्रीची मोजदाद. आदिपर्वाच्या सुमारे २३५ पोथ्यांची माहिती त्या वेळी उपलब्ध होती. त्यांपैकी १०७ देवनागरी, ३२ बंगाली, ३१ ग्रंथ, २८ तेलुगू आणि २६ मलयाळम् लिपीतील होत्या. शारदा लिपीतील अवघ्या तीन आणि मैथिली लिपीतील केवळ एक. सुमारे सत्तर पोथ्या संपूर्णपणे किंवा अंशतः तपासण्यात आल्या आणि त्यांतील साठ पोथ्या संहिता सिद्ध करण्यासाठी वापरण्यात आल्या.

येथे संख्येला महत्त्व दिले गेले नाही, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. देवनागरी पोथ्या सर्वाधिक होत्या, म्हणून बहुमताने निर्णय झाला नाही. एकाच पोथीवरून उतरविलेल्या पन्नास नकला म्हणजे पन्नास साक्षीदार ठरत नाहीत. ती एकाचीच साक्ष पन्नास वेळा ऐकणे होय. म्हणून प्रत्येक लिपीगटातून प्रातिनिधिक पोथ्या निवडण्यात आल्या. निवडलेल्या प्रत्येक पोथीला तिच्या गटाचे एक अक्षर आणि त्यापुढे अंक अशी खूण देण्यात आली. पोथी कोणत्या ग्रंथालयातील, तिचा तेथील क्रमांक काय, तिची पाने किती, ती केव्हा लिहिली गेली आणि तिची अवस्था कशी आहे, ही माहिती एकदाच सविस्तर नोंदवून ठेवण्यात आली. त्यानंतर त्या पोथीचा उल्लेख सर्वत्र याच खुणेने होत असे. पुण्यातील शास्त्री आणि दूरदेशीचा संपादक एकाच पोथीविषयी बोलत आहेत, याबद्दल संदेहाला जागाच उरली नाही.

आखीव कागदाचे महत्त्व

दुसरी पायरी होती पाठभेदांच्या नोंदीची. त्यासाठी आडव्या आणि उभ्या रेघांनी आखलेले फुलस्केप कागद वापरण्यात येत. मुंबईच्या छापील प्रतीतील एक श्लोक कागदाच्या माथ्यावरील ओळीत ठळक अक्षरांत लिहून घेतला जाई. त्याखाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ राखून ठेवलेली असे. पोथीतील पाठ जेथे निराळा असेल, तेथे तो अक्षरशः त्याच अक्षराच्या बरोबर खालच्या घरात लिहावयाचा, असा नियम होता. त्यामुळे वरून खाली दृष्टी फिरविताच एखाद्या अक्षराच्या ठिकाणी सर्व पोथ्या काय सांगतात, हे दिसत असे.

कागदाच्या उजव्या बाजूस चार इंच रुंदीचा रकाना शेऱ्यांसाठी राखलेला होता. पोथीत कोणी केलेली खाडाखोड, समासातील भर, अधिक आढळणारे श्लोक यांची नोंद त्यात होई. अधिकाचा मजकूर फार मोठा असेल, तर तो वेगळ्या कागदावर लिहून मूळ कागदास जोडण्यात येई. अशा जोडकागदास ‘शोधपत्र’ म्हणत. प्रत्येक भागासाठी निदान दहा पोथ्या तपासावयाच्या, असा किमान दंडक होता. पहिल्या दोन अध्यायांचे महत्त्व विशेष असल्याने त्यांसाठी याहून कितीतरी अधिक पोथ्या पाहण्यात आल्या.

ही व्यवस्था वरवर पाहता अगदी साधी वाटते. तिचे मर्म असे की, नोंद करणाऱ्याच्या मर्जीवर काहीही सोडलेले नव्हते. कोणती माहिती कोठे लिहावयाची, हे कागदच सांगत होता. एक शास्त्री आजारी पडला तर दुसऱ्याला त्याच कागदावर पुढच्या ओळीपासून काम सुरू करता येत होते. कोरी राहिलेली ओळ कोणते काम शिल्लक आहे, हे न विचारता दाखवीत होती.

तीन पायऱ्या, तीन जबाबदाऱ्या

पोथी वाचून नोंद करणे, नोंद तपासणे आणि पाठ ठरविणे ही तीन कामे वेगळी ठेवण्यात आली होती. नोंदीचे काम खास शिक्षण दिलेल्या कायम सेवकवर्गाकडे होते. त्यात उत्तरेकडील व दक्षिणेकडील लिप्या जाणणारे शास्त्री आणि विद्यापीठांचे पदवीधर होते. सर्व पोथ्या पुण्यात आणणे शक्य नसल्याने शांतिनिकेतन येथील विश्वभारती आणि तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय येथेही नोंदीची केंद्रे चालविण्यात आली. नोंदी पूर्ण झाल्या, की पर्यवेक्षक त्या नियमितपणे तपासून पाही. त्यानंतरच संपादक कामास आरंभ करी.

या विभागणीचा हेतू अधिकाराची उतरंड दाखविण्याचा नव्हता. पोथी वाचणाऱ्याने ‘येथे बरोबर पाठ कोणता’ असा विचार करू लागणे हा मोठा धोका असतो. जे योग्य वाटते तेच डोळ्यांना दिसू लागते आणि नोंद बिघडते. म्हणून वाचणाऱ्याने जे आहे ते लिहावे, चूक दिसली तरी ती चुकीसह लिहावी. तपासणाऱ्याने नोंद पोथीबरहुकूम आहे एवढेच पाहावे. आणि योग्य-अयोग्याचा निर्णय सर्व पुरावा समोर ठेवून संपादकाने करावा, अशी ही रचना होती. निर्णय एकाचा असला, तरी त्याचा पुरावा सर्वांच्या हातांनी जमविलेला आणि सर्वांना पाहता येण्याजोगा होता.

वगळलेला मजकूर नष्ट होत नाही

संहिता ठरविताना पाळलेले मुख्य तत्त्व असे होते : परस्परांवर अवलंबून नसलेल्या शाखांचे, म्हणजे उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील पोथ्यांचे जेथे एकमत असेल, तो पाठ जुना मानून स्वीकारावा. जो मजकूर एखाद्याच गटात आढळतो आणि अन्यत्र नाही, तो मागाहून आलेला समजावा.

या तत्त्वाची खरी कसोटी लोकप्रिय कथांच्या बाबतीत लागली. व्यासांनी महाभारत सांगितले आणि श्रीगणेशाने ते लिहून घेतले, ही कथा महाराष्ट्रातील घराघरांत ठाऊक आहे. अनेक महत्त्वाच्या पोथ्यांत ती नाही, असे तपासणीत दिसून आले. तेव्हा ती मुख्य संहितेतून काढून आदिपर्वाच्या परिशिष्टात देण्यात आली. द्यूतसभेत द्रौपदीने केलेला श्रीकृष्णाचा धावाही सभापर्वाच्या मुख्य संहितेतून खाली गेला. श्रद्धावान वाचकांना हे रुचणे कठीण होते. संपादकांनी यातील एकही ओळ टाकून दिली नाही, हे मात्र महत्त्वाचे आहे. मुख्य संहितेत न घेतलेले लहान भाग तारांकित करून तळटीपेत छापले गेले. मोठे भाग परिशिष्टांत गेले. आणि प्रत्येक भाग कोणकोणत्या पोथ्यांत आढळतो, हे त्यासोबत सांगण्यात आले. वाचकाला आपली आवडती कथा त्याच ग्रंथात सापडते आणि ती वर का नाही, हेही कळते.

याहून उद्बोधक अशी आणखी एक योजना आहे. जेथे पुरावा निर्णायक नव्हता, तेथे स्वीकारलेल्या पाठाखाली नागमोडी रेघ छापण्यात आली. हा पाठ तूर्त घेतला आहे, त्याविषयी पूर्ण खात्री नाही, असा तिचा अर्थ. आपल्या अज्ञानाची मर्यादा ग्रंथाच्या प्रत्येक पृष्ठावर अशा रीतीने उघडपणे दाखविल्याने ग्रंथाची प्रतिष्ठा कमी झाली नाही. त्यावरील विश्वास वाढला.

मतभेदाला जागा

हे काम निर्विवादपणे पार पडले असे नाही. सिल्व्हँ लेव्ही या थोर फ्रेंच पंडितांनी वेगळे मत मांडले. नवी संहिता घडविण्याऐवजी नीलकंठाची प्रचलित संहिता छापून तिच्याखाली पाठभेद द्यावेत, असे त्यांचे म्हणणे होते. सुकथनकरांनी ते मान्य केले नाही. तथापि या मतभेदामुळे काम अडले नाही. ज्या वाचकाला संपादकाचा निर्णय पटणार नाही, त्याला स्वतःचा निर्णय करण्यासाठी लागणारी सर्व सामग्री त्याच पृष्ठाच्या तळाशी उपलब्ध होती.

आदिपर्व प्रसिद्ध झाल्यानंतर एक अनपेक्षित कसोटीही लागली. नेपाळचे राजगुरू पंडित हेमराज यांच्याकडून आदिपर्वाची एक फार जुनी पोथी उपलब्ध झाली. संपादन करतेवेळी ती संस्थेसमोर नव्हती. सुकथनकरांनी ती छापील आवृत्तीशी ताडून पाहिली आणि संस्थेच्या नियतकालिकात तिच्याविषयी सविस्तर लिहिले. मुख्य संहितेतून वगळलेले अनेक भाग या पोथीतही नव्हते. ठरवून दिलेल्या पद्धतीने काढलेल्या निष्कर्षांना नंतर मिळालेल्या स्वतंत्र पुराव्याने दुजोरा दिला.

माणसे बदलली, काम चालू राहिले

२१ जानेवारी १९४३ रोजी डॉ. सुकथनकरांचे निधन झाले. त्या वेळी अठरा पर्वांपैकी थोडीच पूर्ण झाली होती. ज्या माणसाने सर्व कामाची घडी बसविली, तोच गेल्यावर असे कार्य खंडित होण्याची भीती असते. येथे तसे झाले नाही. डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांनी मुख्य संपादकपद स्वीकारले आणि १९६१ नंतर ते काम डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांच्याकडे आले. दरम्यान निरनिराळी पर्वे निरनिराळ्या संपादकांनी सांभाळली. विराटपर्व लाहोरच्या डॉ. रघुवीर यांनी, उद्योगपर्व ढाक्याच्या डॉ. सुशीलकुमार डे यांनी, सभापर्व अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी, सौप्तिकपर्व प्रा. ह. दा. वेलणकर यांनी आणि अनुशासनपर्व डॉ. रा. ना. दांडेकर यांनी संपादित केले. महायुद्ध झाले, देशाची फाळणी झाली, संस्थाने विलीन झाली. आखीव कागद, पोथ्यांच्या खुणा आणि छापलेले नियम मात्र तेच राहिले. पुढच्या माणसाने काय करावयाचे, हे मागच्या माणसाच्या स्मरणात नव्हते. ते कागदावर होते. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन् यांच्या उपस्थितीत कार्याच्या पूर्ततेचा समारंभ पुण्यात साजरा झाला.

सत्तेचाळीस वर्षे हा काळ थोडा नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. इतकी प्रतीक्षा करणे प्रत्येक कामात शक्य नसते आणि इष्टही नसते. संस्थेने त्यावर काढलेला मार्ग अनुकरणीय आहे. संपूर्ण ग्रंथ होईपर्यंत सर्व काही कपाटात ठेवण्याऐवजी १९२७ पासून छापील अंश क्रमाक्रमाने प्रसिद्ध करण्यात आले. त्यामुळे अभ्यासकांना उपयोग होऊ लागला, साहाय्य करणाऱ्यांना प्रगती दिसू लागली आणि संपादकांना सूचना मिळू लागल्या.

गावपातळीवरील उपयोग

एवढ्या मोठ्या विद्याकार्याचा ग्रामपंचायतीशी काय संबंध, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उपस्थित होईल. त्याचे उत्तर एका उदाहरणाने देता येईल. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते. स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे, हे या समितीचे एक प्रमुख कार्य होय. परिसरातील वनस्पती, प्राणी, पिकांचे वाण आणि त्यांच्याशी निगडित असलेले लोकांचे ज्ञान यांची नोंद तीत व्हावयाची असते. हे काम शिक्षक, शेतकरी, पशुपालक, वैदू, महिला आणि विद्यार्थी अशा अनेकांच्या हातून होते. म्हणजेच ते अनेक हातांनी लिहिलेले एक पुस्तक असते.

समजा, पावसाळ्याच्या आरंभी उगवणाऱ्या एका रानभाजीचे नाव एकाने ‘टाकळा’ असे लिहून आणले. कोकणात हे नाव रूढ आहे. विदर्भात तिलाच ‘तरोटा’ म्हणतात. दोन वस्त्यांतून दोन नावे आली, तर नोंदवहीत एकाच वनस्पतीच्या दोन नोंदी होण्याचा संभव असतो. याउलट दोन वेगळ्या वनस्पतींना एकच नाव असेल, तर एक नोंद नाहीशी होते. लिहून घेणाऱ्याने ‘बरोबर नाव’ आपल्या मनाने ठरवून दुसरे खोडले, तर ते गावाच्या स्मृतीतून कायमचे जाते. अशा वेळी पुण्यातील आखीव कागदाची आठवण ठेवावी. सांगणाऱ्याने जे सांगितले ते तसेच लिहावे. निरनिराळी नावे एकाखाली एक यावीत. ओळख जाणकाराकडून पटवून घ्यावी. आणि ती पटेपर्यंत नोंदीखाली नागमोडी रेघ ओढून ठेवावी.

येथे गावाच्या हिताचाही प्रश्न आहे. जैविक संपत्तीच्या आणि तत्संबंधी ज्ञानाच्या व्यापारी वापरातून होणाऱ्या लाभाचा न्याय्य वाटा संबंधितांना मिळावा, हा या कायद्याचा एक उद्देश आहे. एखाद्या वनस्पतीचा उपयोग कोणत्या वैदूने, कोणत्या दिवशी, कोणासमक्ष सांगितला आणि तो नोंदविण्यास व उघड करण्यास त्याची संमती होती काय, हे लिहून ठेवलेले नसेल, तर पुढे त्याचा हक्क कोणत्या आधारावर मांडावयाचा? नोंदीमागील माणसाचा माग राहिला पाहिजे, हा नियम त्यामुळे विद्वानांपुरता मर्यादित राहत नाही.

अशा प्रकारचे काम हाती घेणाऱ्या कोणत्याही समितीस पुढील गोष्टी सहज करता येतील. प्रथम एका वस्तीची किंवा एका विषयाची नोंद अखेरपर्यंत पूर्ण करून तिचा नमुना सर्वांना दाखवावा. नंतर एकच तक्ता छापून किंवा आखून घ्यावा आणि सर्वांनी तोच वापरावा. प्रत्येक नोंदीस क्रमांक द्यावा आणि तो पुढे बदलू नये. लिहिणारा, तपासणारा आणि अंतिम मान्यता देणारा या तीन व्यक्ती वेगळ्या असाव्यात व तिघांची नावे आणि तारखा नोंदीवर असाव्यात. वगळलेली माहिती फाडून न टाकता कारणासह परिशिष्टात ठेवावी. मूळ प्रत कोणाकडे आहे, हे एका पानावर लिहून ते पान सर्वांत वर ठेवावे. शाळेची स्मरणिका, तालुक्याची माहितीपुस्तिका, गावविकासाचा आराखडा या सर्वांना हेच नियम लागू पडतात.

संगणकाच्या काळात

आज हे सारे काम संगणकावर होऊ शकते. एकाच मसुद्यावर अनेकांना एकाच वेळी लिहिता येते आणि कोणी कोणती दुरुस्ती केली, याची नोंदही यंत्र ठेवते. ही सोय मोठीच आहे. परंतु दुरुस्ती का केली, ती कोणत्या आधारावर केली आणि ती मान्य करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे यंत्र आपण होऊन सांगत नाही. ‘अंतिम’, ‘अंतिम सुधारित’ आणि ‘अंतिम नवीन’ अशा नावांच्या तीन प्रती संगणकावरही तितक्याच सहजतेने तयार होतात. साधन बदलले, तरी प्रत्येक प्रतीला एक खूण, प्रत्येक कामाला एक जबाबदार व्यक्ती आणि प्रत्येक निर्णयाला एक लिखित कारण ही गरज कायम राहते.

भांडारकर संस्थेतील त्या आखीव कागदांवर ज्यांनी वर्षानुवर्षे अक्षरे उतरविली, त्यांतील बहुतेकांची नावे सामान्य वाचकांना ठाऊक नाहीत. त्यांनी भरलेल्या प्रत्येक घरामुळे आज कोणालाही महाभारतातील एखाद्या शब्दापासून तो शब्द जतन करणाऱ्या पोथीपर्यंत मागे जाता येते. गावच्या नोंदवहीतील टाकळ्याच्या नोंदीवरून तो सांगणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत पन्नास वर्षांनी असेच मागे जाता आले, तर ती नोंदवही योग्य रीतीने लिहिली गेली, असे खुशाल समजावे.